दोन टिंबांची फट

शिरूर, १७ ऑगस्ट २००५

दादा,

जयभीम. तू फोन घेत नाहीस म्हणून लिहितेय. सीमावहिनींनीच त्या शिकवतात त्या कॉम्प्युटर क्लासमधून फोन केला होता. म्हणाल्या, "ताई, पत्र टाका. तुमचं नाव काढलं की हे उठून बाहेर जातात." म्हणून पोस्टातून इनलँड आणलं.

तुला इंजिनवरून उतरवलं हे मला आईनं सांगितलं. ती कासुर्डीहून आली होती आणि माझ्या खोलीत गवार मोडत बसली होती. मोडता मोडता म्हणाली, "सुमित म्हन्तो, दीक्षानंच रिपोट रेल्वेला धाडला." मीही गवार मोडायला बसले. मग आम्ही दोघी जेवलो आणि ती एसटीनं परत गेली. स्टँडवरून खोलीवर आले तेव्हा लक्षात आलं, मी तिला हो की नाही काहीच बोलले नव्हते.

तर मी पाठवला नाही.

तू असं का म्हणतोस ते मला कळतं. फेब्रुवारीत तू दौंड सोडून इथं तपासायला आलास, कारण दौंडच्या कुठल्याही दवाखान्यात रेल्वेचं कुणी ना कुणी भेटतं, आणि इथं तपासणी सेंटरच्या कॉम्प्युटरवर मी बसते. तुझ्या डोक्याला वायरी लावून मेंदूचा आलेख काढला. केसांत चिकटलेली जेली धुवायला मी तुला मागच्या नळावर नेलं, तेव्हा तू हसत होतास. म्हणालास, हळदीला पण एवढं घासलं नव्हतं. आलेख आमच्या सर्व्हरवरून पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टरांकडं गेला आणि त्यांचं उत्तर आलं ते मी टाइप केलं. फिटचा आजार आहे. गोळ्या सुरू करा. गाडी, मशीन, उंचीवरचं काम बंद. आमच्या डॉक्टरांनी तुला वेगळं बसवून सांगितलं की इंजिनवर तर चढायचंच नाही. बाहेर येऊन तू मला म्हणालास, "हे हितंच ऱ्हाऊ दे." मी म्हणाले, "दादा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?" तू म्हणालास, "तू तुझं टायपिंग कर."

मग जुलैत कुणीतरी तोच कागद पाकिटात घालून रेल्वेच्या डॉक्टरांना पाठवला. वर आमच्या सेंटरचं नाव, पाठवणाऱ्याचं नाव नाही. कागद आमचाच आहे हे मी नाकारत नाही. तो पुण्याच्या डॉक्टरांनी, आमच्या डॉक्टरांनी आणि मी पाहिला होता. तुझ्या जागी मी असते तर माझाही संशय माझ्यावरच आला असता.

पण मी पाठवला नाही. श्रावस्तीला तिच्या आत्याचा पापा दे.

दीक्षा


शिरूर, ११ सप्टेंबर २००५

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. वहिनी म्हणाल्या, पत्र टीव्हीवर ठेवलंय, फोडलेलं नाही. तरी लिहिते.

मला सध्या सुट्टी आहे. म्हणून कासुर्डीला जाऊन आले. आप्पा ओट्यावर बसले होते. त्यांना आईनं सगळं सांगितलंय. तुला ठाऊक आहे, तू इंजिनात बसलास तेव्हा ते यवतच्या बाजारात ओळखीच्या प्रत्येक माणसाला थांबवून सांगायचे. गँगमनचं पोरगं डायवर झालं म्हणून. मला वाटलं, ते मला खूप बोलतील. पण बोलले नाहीत. मी चहा केला, तो प्याले, आणि म्हणाले,

"आमी रुळात काम करायचो तवा एक जण लाल झेंडी घिऊन म्होरं हुबा ऱ्हायचा. डायवरला ती दिसली म्हंजी आमी जगलो. डायवर कोन हाय, कुनाचा हाय, ते आमी कवा इचारलं न्हाई. त्याचं डोळं उघडं असावं, बस."

मी विचारलं, "मग आप्पा, झालं ते बरं झालं म्हणायचं का?"

"बरं कसं म्हनू? माझं प्वार हाय त्ये." आणि ते शेळीला पाला टाकायला उठले.

हे तुला का लिहिलं ते मला नीट सांगता येत नाही. त्याच अंगणात गेल्या हिवाळ्यात तू हापशापाशी पडला होतास. वहिनींनी तुझं डोकं मांडीवर घेतलं, तोंडाचा फेस पदरानं पुसला. तू शुद्धीवर आलास तेव्हा आप्पा म्हणाले, ऊन लागलं असंल. आम्ही सगळ्यांनी अंगात स्वेटर घातलेले होते. श्रावस्तीला भूक लागली म्हणून आईनं भाकरी टाकल्या.

सुट्टीचं खरं सांगायचं तर मी मागितली नव्हती. डॉक्टरांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "तुझ्या भावाचा रिपोर्ट बाहेर कसा गेला?" मी म्हणाले, "माहीत नाही, सर." ते म्हणाले, "मग कुणाला माहीत असणार?" त्यांनी आवाज चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून येऊ नको, बोलावतो म्हणाले. अजून बोलावलेलं नाही. हे आईला सांगू नकोस. तू सांगणार नाहीसच, तू हे वाचतही नाहीस.

दीक्षा


शिरूर, ४ ऑक्टोबर २००५

दादा,

हे पत्र तरी फोड.

काल डॉक्टरांनी पुण्याहून सर्व्हरच्या इंजिनिअरला बोलावलं. सगळे पासवर्ड मला ठाऊक, म्हणून मलाही बोलावून घेतलं. सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला तो कॉम्प्युटर, तू येऊन बसलास तेव्हा त्याच्यावर हेल्मेट ठेवलं होतंस तो. त्याच्यात एक सॉफ्टवेअर आहे, त्यातून रिपोर्ट बाहेरच्या डॉक्टरांना मिळतात. पुणे, दौंड, यवत, न्हावरे, प्रत्येक डॉक्टरला एक नाव, एक पासवर्ड आणि एक फोल्डर. नेटवरून आत यायचं, आपल्या पेशंटचे कागद घ्यायचे. दुसऱ्याचं फोल्डर दिसत नाही. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

इंजिनिअरनं यवतच्या डॉक्टरांच्या नावानं आत जाऊन दाखवलं. फोल्डरचं नाव लिहायच्या जागी त्यानं दोन टिंबं दिली आणि एक तिरकी रेघ. बस. तो फोल्डरच्या बाहेर आला, आणि सगळ्यांची फोल्डरं एकाखाली एक समोर उभी राहिली. तो म्हणाला, "मॅडम, प्रत्येकाला खोली दिली, खोलीला कुलूप दिलं, पण मागचं दार सगळ्यांचं एकाच बोळात उघडतं." मग त्यानं कुठलंही एक फोल्डर उघडून कुठलाही एक कागद काढला. झुंबरबाईंचा निघाला. त्या दर आठवड्याला आमच्याकडं येतात, येताना माझ्यासाठी शेंगा आणतात. त्यांना काय झालंय ते त्यांनी घरच्यांनाही सांगितलेलं नाही. कागद स्क्रीनवर होता आणि तो इंजिनिअर चहा पीत होता. मी म्हणाले, बंद करा.

ही फट सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीनं मार्चमध्येच जाहीर केली होती. कशी आहे, कुठं आहे, सगळं नेटवर लिहिलेलं, कुणीही वाचावं. बुजवायचं नवीन व्हर्जनही फुकट ठेवलं होतं. तशी मेल डॉक्टरांना आली होती. ती त्यांनी उघडली नव्हती. बाहेरच्या एवढ्या डॉक्टरांपैकी कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसलेला माणूस तुझा कागद काढू शकत होता, दादा. मार्चपासून कालपर्यंत.

मी डॉक्टरांना म्हणाले, "सर, पेशंटना सांगायला पाहिजे." ते म्हणाले, "काय सांगायचं? कुणी काय बघितलं तेच आपल्याला माहीत नाही. उगाच लोक घाबरतील." मग इंजिनिअरला म्हणाले, "नवीन टाकलं ना? मग झालं तर."

पण सर्व्हर स्वतः नोंद ठेवतो. कोण कुठल्या नावानं आलं, कुठला कागद नेला. इंजिनिअर दोन दिवसांनी परत येणार आहे, तेव्हा ती काढून देतो म्हणालाय. कळलं की तुला लगेच लिहिते. मग मला आणखी काही बोलायला लागणार नाही.

दीक्षा


शिरूर, ८ ऑक्टोबर २००५

दादा,

इंजिनिअर येऊन गेला. जुलैच्या नोंदी पुसल्या गेल्यात म्हणाला. सर्व्हर जुनं जुनं काढून टाकतो. त्यामुळं कोण ते कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

विजयादशमीला विहारात येणार असशील तर आईला आधी कळव, ती खीर करणार आहे. मी येणार नाही, म्हणजे तुला अडचण नको.

गोळ्या वेळेवर घे.

दीक्षा


सणसवाडी, २० नोव्हेंबर २००५

सीमावहिनी,

जयभीम. हे पत्र मुद्दाम तुमच्या क्लासच्या पत्त्यावर टाकतेय. घरच्या टीव्हीवर नको.

मी दादाला खोटं लिहिलं. नोंदी पुसल्या गेल्या नव्हत्या. जुलैतली नोंद इंजिनिअरनं माझ्यासमोर काढली. दौंडच्या डॉक्टरांच्या नावानं कुणीतरी आत आलं, दोन टिंबं आणि तिरकी रेघ देऊन बाहेर पडलं, पुण्याच्या डॉक्टरांच्या फोल्डरमध्ये गेलं आणि एकच कागद घेतला. सुमित शंकरराव. दुसऱ्या कुठल्याही कागदाला हात लावलेला नव्हता.

इंजिनिअरनं विचारलं, "हे दौंडचे डॉक्टर कोण?" मी म्हणाले, "म्हातारे आहेत. चुकून गेले असतील." त्याचं काम झालं होतं, त्यानं खांदे उडवले आणि बॅग भरली. आमचे डॉक्टर तर बघायलाही आले नाहीत.

दौंडचे डॉक्टर म्हातारे आहेत हे खरं आहे. त्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर नाही हेही खरं. त्यांचे रिपोर्ट तुम्ही क्लासमध्ये उतरवून प्रिंट काढून त्यांना नेऊन देता. ते कसं करायचं हे मीच तुम्हाला फोनवरून शिकवलं होतं. तुम्ही पासवर्ड लिहून घेत होता आणि मागं श्रावस्ती रडत होती.

का, ते मी विचारत नाही. मेमध्ये तुम्ही मला फोन केला होता. दादा बाथरूममध्ये पडला, जीभ चावली गेली, रक्ताची गुळणी टाकली आणि संध्याकाळी शर्ट घालून ड्यूटीवर गेला. तुम्ही दारात आडव्या झालात तर म्हणाला, "गोळी घेतलीय. आता न्हाई येत." मी म्हणाले, डॉक्टरांशी बोला. तुम्ही म्हणालात, "बोलले. ते म्हणतात, पेशंटच्या परवानगीशिवाय आम्ही कुणाला कळवत नसतो." मग तुम्ही मला विचारलं, "ताई, तुम्ही काय करू शकता का?" मी म्हणाले, बघते. फोन ठेवला आणि मी काही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बरेच रिपोर्ट टाइप करायचे होते.

तो कागद माझ्या कॉम्प्युटरवर रोज होता. मी तो पाठवला नाही याचं मला ऑगस्टमध्ये फार बरं वाटत होतं. माझे हात स्वच्छ आहेत असं वाटत होतं. आता तसं काही वाटत नाही. उलटंही वाटत नाही. कंपनीत जाते, खोलीवर येते, डाळभात लावते.

एक गोष्ट मात्र लिहिते. कागदावर सेंटरचं नाव आहे आणि सेंटरमध्ये मी बसते, हे पाकीट चिकटवताना तुम्हाला ठाऊक होतं. नंतर फोन करून तुम्हीच मला पत्र लिहायला सांगितलं. मी लिहीत राहिले आणि तुम्ही ती टीव्हीवर रचत राहिलात. त्या वेळी तुमच्या मनात काय चाललं होतं, याचा मी बराच विचार केला. दादानं तुमच्यावर संशय घेतला असता तर त्यानं घर सोडलं असतं, नाहीतर तुम्हाला सोडायला लावलं असतं. श्रावस्ती आहे. बहिणीवर संशय घेतला तर काय होतं, तो बहिणीशी बोलायचा थांबतो. बहीण शिरूरला असते. एवढा हिशेब मला समजतो. राग यायला पाहिजे होता, तो मी थोडे दिवस धरून बघितला. राहिला नाही.

मी त्याला सांगणार नाही. तुम्ही सांगा किंवा सांगू नका. आईनं निरोप दिलाय की सुमित म्हणतो, तिनं एकदा कबूल केलं तर मी बोलीन तिच्याशी. तसं मी करणार नाही. जे केलं नाही ते केलं म्हणून मी तोंडानं म्हणणार नाही. त्याच्याशी बोलणं झालं नाही तरी चालेल.

पत्ता बदललाय ते तुमच्या लक्षात आलं असेल. पेशंटना सांगा असं मी डॉक्टरांना परत एकदा म्हणाले, तेव्हा त्यांनी मला पुरतंच मोकळं केलं. मग मी झुंबरबाईंच्या घरी गेले. त्यांना एकटीला बाहेर बोलावून सांगितलं की तुमचा कागद कुणी पाहिला असेल, नसेलही, पण पाहता येत होता. त्यांनी गोठ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तू कशापायी आलीस एवढ्या लांब? फोन करायचा." मला निघताना शेंगा दिल्या. दुसऱ्या कुणाकडं मी गेले नाही.

आता इथं एका पार्ट बनवायच्या कंपनीत डिस्पॅचला आहे. दिवसभर मालाची चलनं टाइप करते. आजूबाजूला सगळी बिहार-यूपीची मुलं, मला "दीदी" म्हणतात. खोलीत पाणी सकाळी येतं. ठीक आहे.

दीक्षा


सणसवाडी, ६ फेब्रुवारी २००६

सीमावहिनी,

तुमचं उत्तर आलं नव्हतं. येईल असं मी धरलंही नव्हतं.

दादा आता कामाला बसतो त्या लोको ऑफिसच्या जिन्यावर पडला हे आईनं सांगितलं. कपाळाला टाके पडले, हात मुरगळला, पण बरा आहे म्हणाली. सगळ्या ऑफिसनं बघितलं, आता लपवायचं काही राहिलं नाही, असंही म्हणाली. आणि म्हणाली, दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून सीमा लय रडत व्हती आन् त्याला कायतरी सांगत व्हती, मला बघितल्यावर गप झाली. काय सांगत होतात ते आईला कळलं नाही. मला कळलं.

काल दादाचा फोन आला. कंपनीच्या ऑफिसात. आमच्या साहेबांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि ते बाहेर गेले, आवाजावरून त्यांना काहीतरी वेगळं वाटलं असावं.

मागं दौंड स्टेशनची घोषणा ऐकू येत होती, कुठलीतरी गाडी उशिरा होती. मग तो म्हणाला,

"सीमानं सांगितलं."

मी म्हणाले, "बरं."

"तुझी पत्रं पण फोडली. सगळी वाचली." मग म्हणाला, "तुला ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"दसऱ्याच्या आधीपासून."

"मग मला खोटं का लिवलंस?"

मी म्हणाले, "तू तिच्या हातचं जेवतोस, दादा."

मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो म्हणाले. तो म्हणाला, "हाय मी." मग म्हणाला, आईपाशी मी तुला नाय नाय ते बोललो. मी म्हणाले, माझ्यापर्यंत आलं ते. तो म्हणाला, "आता काय बोलू?" मी म्हणाले, काही नको. कपाळाचे टाके दुखतात का विचारलं. नाही म्हणाला. गोळ्या बदलून दिल्यात म्हणाला.

मला वाटलं आता तो ठेवील. पण त्यानं विचारलं,

"दीक्षा, खरं सांग. सीमाला ती फट घावली नसती, तर कधीतरी तू सवताहून पाठवला असतास का?"

वहिनी, मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोलले होते, दुसऱ्यांदा जड गेलं नसतं. ऑफिसात कुणी नव्हतं. बाहेर ट्रकमध्ये खोकी चढवत होते आणि एक जण मोठ्यानं मोजत होता.

मी म्हणाले, "न्हाई."

"मी मालगाडी घिऊन सोलापूरकडं जात ऱ्हायलो असतो तरी?"

"तरी न्हाई पाठवला असता. मला जमलं नसतं."

मग म्हणाला, "मंग सीमाच बरी."

आणि फोन ठेवला. रागानं नाही ठेवला. हळूच ठेवला.

मी जागेवर येऊन उरलेली चलनं टाइप केली. एकाचा गाडी नंबर चुकला, तो परत केला.

तो हे तुमच्यापाशी कधी बोलणार नाही. त्याचा स्वभाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरात अजून अबोला असेल, ताट सरकवून उठत असेल, श्रावस्तीला मध्ये घालून तुम्हाला निरोप देत असेल. म्हणून त्याचे शब्द होते तसे लिहिले. मंग सीमाच बरी, असं तो म्हणाला. माझ्याजवळ म्हणाला, पण ते तुमचं आहे.

दीक्षा